टोरांटोत कोथिंबीर केवढ्याला

न्हाय, तुम्ही मधे बोलूच नका. तुम्ही निम्मी गोष्ट ऐकलीय, तीबी जागामालक हंबीररावांच्या तोंडून, आणि तेवढ्यावर आक्काला येडी ठरवून मोकळे झालाय. बावन्न वर्षांची बाई, चौथी शिकलेली, चालू खानावळ सोडून विमानात बसली म्हणजे डोस्कंच फिरलं असणार, असंच ना? मग ही पत्रं वाचा. आक्का म्हणजे गंगव्वा, शाहूपुरीतल्या लिंगायत खानावळीची मालकीण. आईबाप लौकर गेले, दोन्ही भाऊ तिनं भाकऱ्या थापून शिकवले. थोरला प्रभुलिंग टोरांटोला, धाकटा मृत्युंजय दुबईला. मी शिवांजली, त्यांच्या चुलतभावाची पोरगी. कॉलेजसाठी आक्काकडं राहते आणि तिची पत्रं लिहिते. ती सांगती, मी उतरवते. मी शहाणपणानं काही सुधारलं तर तिला वाचून दाखवताना कळतं. कागद तारखेनं लावलेत. वाचा, मग भांडू.

*

टोरांटो, १४ जून १९९८

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ती. आक्कास,
प्रभुलिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हंबीरराव दसऱ्याच्या आत जागा खाली करा म्हणतात, जावयाला तिथं एसटीडी बूथ आणि फॅन्सी स्टोअर काढून द्यायचंय, हे वाचून वाईट वाटलं. आणि खरं सांगू, बरंपण वाटलं. तीस वर्षं धूर गिळलास, बास झालं. खानावळ मोड आणि इकडं ये, कायमची. आधी पाहुणी म्हणून ये, पुढचे कागद मी बघतो. व्हिसाचा शिक्का तर बसलेलाच आहे, नुसतं तिकीट काढायचं बाकी.

मृत्युंजयपण तुला बोलावतोय हे मला माहीत आहे. पण आक्का, भावना जरा बाजूला ठेव आणि आकडे बघ. इथं चार लिटर दूध चार डॉलरला, तेपण पिशवीत, आपल्या गोकुळसारखं. फ्लॉवरचा गड्डा एरवी तीन डॉलर, पण बुधवारी दीड. कोथिंबीर आमच्या कोपऱ्यावर नव्वद सेंटला एक जुडी, पण आपल्या लोकांची दुकानं आहेत त्या रस्त्यावर डॉलरला तीन. मी तिकडनंच आणतो. बसनं पाऊण तास लागतो, पण महिन्याचा पास काढलेला असल्यामुळं जाणं-येणं फुकटात पडतं. दवाखाना सरकारी. पाहुण्यांना तो लागू नाही, त्यामुळं तू फक्त आजारी पडू नकोस. थंडी असते, नाही म्हणत नाही, पण त्यात फ्रीजचा खर्च वाचतो. जानेवारीत दही बाल्कनीत ठेवायचं.

दुबईत पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे. तिथं आधी गाडी जगते, मग माणूस. राहणीमानाच्या यादीत आमचं गाव कायम वर असतं, पेपरात छापून येतं. मृत्युंजयला विचार, दुबई कुठल्या पानावर असते.

सौंदर्या मजेत आहे, नमस्कार सांगते.

लोभ आहेच. त्यात भर पडली तर तक्रार नाही.

तुझा
प्रभू

*

दुबई, २२ जून १९९८

ती. आक्काच्या पायाशी मृत्युंजयचा दंडवत, वि. वि.

दादानं तुला आकडे पाठवले असणार. लहानपणी देवळात प्रसाद वाटताना शेंगदाणे मोजायचा, त्याचा तो नाद सुटला न्हाय अजून.

आक्का, मी तुला साधं सांगतो. मुंबईत विमानात बसलं की तीन तासात दुबई. कोल्हापूरहून एस.टी.नं सोलापूर गाठायला ह्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि मधे टायर बदलावा लागतो तो वेगळाच. पगारावर टॅक्स न्हाय. ज्वारीचं पीठ मिळतं, शेंगदाणा मिळतो, डिंक-सुक्यामेव्याचा करदंटसुद्धा एक माणूस गोकाकहून आणून विकतो. माझा फ्लॅट मोठा हाय, एकटा जीव, घर खायला उठतं. बाथरूमच्या खिडकीतनं मान बाहेर काढली आणि डावीकडं वळवली तर समुद्र दिसतो. उन्हाचं म्हणशील तर ऊन बाहेर असतं. आपण कुठं बाहेर असतो? सगळं एसीत.

टोरांटोत म्हणं माणसं घराबाहेर पडायच्या आधी अर्धा तास कपडे चढवत्यात आणि घरात आली की अर्धा तास उतरवत्यात. मग जगायचं कधी? आणि दादाकडं गेलीस तर तो तुला चहात साखर किती घालायची ते चमच्याला रेघ मारून दाखवणार.

मुकाट्यानं इकडं ये. शेजारच्या लालासाबचाचाला सलाम सांग, त्यांचा तोहिद खुशाल हाय, अधनंमधनं भेटतो.

माया पातळ करू नकोस. आपल्या आमटीगत दाट असू दे.

तुझा
मृत्युंजय

*

शाहूपुरी, कोल्हापूर, ६ जुलै १९९८

चि. प्रभुलिंग व चि. मृत्युंजय यांस,
गंगव्वाचे अ. उ. आ.

दोघांची पत्रं पोचली. वाचताना कपिलतीर्थ मंडईत दोन माळणी एका गिऱ्हाइकावरनं भांडत्यात तसं वाटलं. मला लाज वाटली, पण करमणूक झाली. शिवांजलीनं दोनदा वाचून दाखवली, कामावरल्या धोंडुबाईनं भाकरी थापायची थांबवून ऐकली आणि दोन भाकऱ्या करपल्या. त्या आम्ही दोघींनीच खाल्ल्या.

इकडचं असं हाय. हंबीरराव परवा भर जेवणाच्या वेळेला टेप घेऊन आले आणि माणसं जेवत असताना जागा मोजायला लागले. टेपचं टोक बँकेतल्या कुलकर्ण्यांच्या आमटीत बुडालं. हंबीररावांनी ते पुसलं आणि आकडा वाचला. मी म्हटलं, दसऱ्याला किल्ली मिळंल, तवर आमटीची मापं काढू नका. पण खरं सांगते, त्या रात्री मला झोप न्हाय. जागा गेल्यावर मी काय करणार हे मलाबी ठाऊक न्हाय. म्हणूनच तुमच्या पत्रांचा नीट विचार करते हाय.

आता ऐका. आपल्या खानावळीचा रिवाज तुम्हाला म्हाईत हाय. नवीन मेंबर आला की मी तेला दर सांगत न्हाय. तीन दिवस जेवून बघ म्हणते, फुकट. चौथ्या दिवशी पटलं तर पास काढ, न्हाय पटलं तर रामराम. तीस वर्षांत एक कळलंय, पहिल्याच दिवशी दर विचारणारा माणूस महिन्याच्या वर टिकत न्हाय. आन् तुम्ही दोघांनी मला नुसता दर सांगितलाय. जेवण कुणीच वाढलं न्हाय.

मला तीन दिवस तिकडं येऊन बघायला जमत न्हाय. तवा तुम्हीच लिवा. कुठलेबी लागोपाठचे तीन दिवस घ्या. काय जेवला, कुठं बसून जेवला, संगट कोण होतं आन् शेवटी ताटं किती घासली. खरं लिवायचं. ताटांचा सोडून एकबी आकडा दिसला तर पत्र चुलीत घालीन.

आठवण ठेवा म्हणत न्हाय. जेवताना आपोआप येती ती खरी.

तुमची
आक्का

ता. क. काका, आता घरात गॅसच आहे, तरी आक्का चुलीतच म्हणते. मी बदललं नाही. — शिवांजली

*

टोरांटो, २० जुलै १९९८

ती. आक्कास, प्रभुलिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझी अट विचित्र आहे, पण पाळतो.

सोमवार. सकाळी दुधात भिजवलेले पोहे असतात तसलं काहीतरी, ओट्यापाशी उभ्यानं. दुपारी फौंड्रीच्या कँटीनमधे डब्यातला भात, खिडकीशी. संगट कोणी नव्हतं, पण खिडकीतून पार्किंग दिसतं. रात्री परवाची आमटी गरम करून. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई होती, ती बरी बोलते. ताट एक.

मंगळवार. सकाळचं सोमवारसारखंच. दुपारी डबा विसरलो, सफरचंद खाल्लं. रात्री तीच आमटी, पाणी वाढवून. ताट एक. वाटी नाही घेतली.

बुधवार. फ्लॉवरचा दिवस. दोन गड्डे आणले, एक केला. भाजी चांगली झाली होती. कोथिंबीर हल्ली घालत नाही. ताट एक.

आता मूळ मुद्दा. एका कंपनीची तिकिटाची सवलत शुक्रवारी संपत होती म्हणून तुझं तिकीट काढूनच टाकलं, सोबत पाठवलंय. दहा सप्टेंबरला रात्री मुंबईतनं निघायचं. जाता-येता दोन्ही वेळेला दुबईत तीन-तीन दिवस मुक्काम पडतो, म्हणून तर इतकं स्वस्त मिळालं. किती वाचले ते लिहीत नाही, तुझी अट आहे. तीन दिवस मृत्युंजय सांभाळेल, तेवढं तो करू शकतो. परतीची तारीख कंपनीनं सक्तीनं घातलीय, बारा ऑक्टोबर. ती आपण पाळायची नाही. पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा आता नाही म्हणू नकोस.

सौंदर्याची तब्येत उत्तम. तिचा नमस्कार.

कृपा आहे तशी राहू दे.

प्रभू

*

दुबई, २३ जुलै १९९८

ती. आक्काला मृत्युंजयचा दंडवत.

बुधवार. सकाळी चहा-पाव, घाईत, कारण बाथरूमच्या रांगेत माझा नंबर चौथा होता आणि आधीच्या नायरला आंघोळीत गायची सवय हाय. दुपारी साइटवर. रात्री सतरंजीवर पेपर पसरून. नायरनं रस्सम केलं, तोहिदनं डाळ आणली, मी भाकऱ्या थापल्या. आक्का, माझी भाकरी आता फुगते. एक जण हसला म्हणून तेला दिली न्हाय. ताटं सहा.

गुरुवार. तसंच. नायरच्या पोरीला शाळेत पहिला नंबर मिळाल्याचं पत्र आलं, म्हणून शेवयाची खीर. तेनं ते पत्र चार वेळा वाचून दाखवलं, आम्हाला मल्याळम येत न्हाय. ताटं सहा, वाट्या सहा.

शुक्रवार, सुट्टी. खालच्या मजल्यावरची माणसंबी आली. मी झुणका केला. तिखट झाला. सगळी रडत जेवली आणि परत मागितला. ताटं अकरा, दोघं नुसत्या पेपरवर जेवले. घासायची पाळी माझी होती.

लोभ वाढव. तुझ्या हातात वाढण्याचंच काम हाय.

मृत्युंजय

ता. क. वरचं सगळं परत वाचलं. ही माणसं पाहुणी म्हणून आली होती. फ्लॅट माझाच हाय.

*

शाहूपुरी, ६ ऑगस्ट १९९८

चि. सौ. सौंदर्यास,
गंगव्वाचे अ. उ. आ.

हे पत्र प्रभूच्या घरी न येता तुझ्या नव्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नको. काल मी एस.टी.नं आजऱ्याला तुझ्या आईकडं गेलते. घनसाळ तांदूळ पायजे म्हणून गेले असं सांगितलं. दहा किलो तांदूळ उगाच घ्यावा लागला. आई काजूच्या कारखान्यातनं दमून आली होती, तरी मला बसवून घेतलं. बोलता बोलता म्हणाली, पोरीनं एप्रिलमधे घर बदललं, मोठं घेतलं वाटतं. पत्ता शिवांजलीनं उतरवून घेतला. मी तेंच्याजवळ एक शब्द बोलले न्हाय, तूबी काळजी करू नको.

मला कसं कळलं म्हणशील. माझ्या खानावळीत भिंतीला पाटी हाय. जो मेंबर जेवायला येत न्हाय तेच्या नावापुढं खाडा मांडते, म्हणजे महिन्याच्या शेवटी तेवढं जेवण पैशात धरत न्हाय. तीस वर्षं खाडे मांडून माझी एक खोड झालीय. समोर बसलेली माणसं मला दिसत न्हाईत, न आलेली दिसत्यात. मृत्युंजय मोठा फ्लॅट, मोठा फ्लॅट म्हणतो, पण त्याची पाहुणी सकाळी आंघोळीच्या रांगेत उभी असत्यात. तेचं मला हसू आलं, चिंता न्हाय वाटली. प्रभूनं मात्र तीन दिवसांत तीन ताटं घासली. पत्राच्या तळाला तुझा नमस्कार हाय, आन् वर तीन दिवस तुझा खाडा हाय.

काय झालं ते मला लिव. मी तेची बहीण म्हणून विचारत न्हाय. बाई म्हणून विचारते. न्हाय लिवावंसं वाटलं तर तांदूळ कसा शिजवायचा ते तरी लिव, माझ्याकडं दहा किलो हाय.

तुझ्यावरची माया घर बदललं म्हणून बदलत न्हाय.

आक्का

*

टोरांटो, १९ ऑगस्ट १९९८

ती. वन्संना सौंदर्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग दहा किलो तांदळावर हसले. माझी मैत्रीण सबिना, जिच्याकडं मी राहते, ती सांगलीची. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ह्या बाईंना पोलिसात घ्यायला पाहिजे.

लिहिते. हसू नका. मी कोथिंबिरीवरनं घर सोडलं.

एप्रिलमधे माझा वाढदिवस होता. कामावरनं येताना कोपऱ्यावरच्या दुकानातनं एक जुडी घेतली. म्हटलं, आज कोथिंबीर वडी करू. आणून, निवडून, धुऊन ठेवली. ह्यांनी पावती बघितली. चिडले नाहीत, हे चिडत नाहीत कधीच. शांतपणे वही काढली आणि तेवढ्याच पैशात दोन जुड्या आणि वर थोडे सेंट कसे आले असते ते मांडून दाखवलं. मग ती धुतलेली जुडी परत पिशवीत घातली आणि दुकानात परत करायला गेले. वन्सं, धुतलेली. तो दुकानदार किती वेळ नाही म्हणत होता कोण जाणे, पण हे तासाभरानं आले. हातात नव्वद सेंट होते आणि घरात मी नव्हते.

दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. तसं नाही. इथं येऊन चार वर्षं झाली, आम्ही एकदाही बाहेर बसून चहा प्यायलो नाही, कारण घरी तो सातपट स्वस्त पडतो. माझं आयुष्य स्वस्त झालं वन्सं, पण त्यात काहीच उरलं नाही.

एक सांगायचं राहिलं. दर बुधवारी सबिनाच्या दारात फ्लॉवरचा एक गड्डा असतो. बेल वाजवत नाहीत, ठेवून जातात. आम्ही दोघी फ्लॉवर खाऊन कंटाळलोय. बुधवारी तो निम्म्या दरात असतो, म्हणून बुधवारच.

तुमचं तिकीट काढल्याचं त्यांनी चिठ्ठीत लिहून फ्लॉवरखाली ठेवलं होतं. तुम्ही आलात तर माझ्याकडं उतरा. हॉलमधे गादी आहे. तांदूळ घेऊन या.

तुमचा लोभ मला सवलतीत नको, होता तेवढा पुरे.

सौंदर्या

*

शाहूपुरी, १० सप्टेंबर १९९८, सकाळ

चि. प्रभुलिंग यास,
गंगव्वाचे अ. उ. आ.

हे पत्र टपालानं येणार न्हाय. शिवांजली स्टँडसमोरच्या बूथवरनं तुझ्या फौंड्रीच्या आपिसात फॅक्स करणार हाय. एका पानाला काय पडतं ते मी तिला विचारलं न्हाय. तूबी विचारू नको.

आधी खानावळीचं. ती मोडली न्हाय. तोहिद दुबईत रोज सहा जणांत बसून जेवतोय हे सांगायला मी शेजारी लालासाब गादीवाल्यांकडं गेलते. त्यांनी मृत्युंजयचं पत्र माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं, तेबी माझ्या अडखळत्या वाचनात. मग हंबीररावांचं विचारलं. कापूस पिंजता पिंजता म्हणाले, "माझा कापूस मागच्या खोलीतबी ऱ्हातो, आक्का. तुमची माणसं कुठं ऱ्हातील?" पुढचं निम्मं दुकान दिलंय. सोमवारी भांडी हलवली. आमटीत एखादी कापसाची काडी येती, पण मेंबर एकबी गेला न्हाय. बँकेतल्या कुलकर्ण्यांनी तर पाटी स्वतः खांद्यावर घालून आणली. हंबीररावांना किल्ली दसऱ्याच्या आधीच दिली. ते म्हणाले, बाईचं डोस्कं फिरलं. जावई म्हणतोय त्याला आता राजारामपुरीत जागा पायजे.

आता तुझं. मी येते हाय, पण तुझ्याकडं न्हाय. मी सौंदर्याकडं उतरणार. मला सगळं कळलंय, कसं ते विचारू नको, तू स्वतःच लिवलंयस. ऱ्हायला म्हणूनबी येत न्हाय. तुझ्या स्वस्त तिकिटावर परतीची तारीख हाय, ती मी पाळणार. दुबई चांगली का टोरांटो चांगलं ह्याचा निकाल तुम्ही भावाभावांनी लावा. मला भिंतीला पाटी असलेलं गाव पुरतं.

मग येतेस कशाला म्हणशील. प्रभू, तू नऊ वर्षांचा हुतास. खानावळ नवी हुती, घरात पैसा न्हवता. कोथिंबिरीची एक जुडी आणायला मी तुला तीन मंडया हिंडायला लावायची. चार आणे कमी करून आणलेस की पाठ थोपटायची. एकदा भर उन्हात लक्ष्मीपुरीतनं परत शिंगोशी मार्केटला धाडलं, तू चक्कर येऊन पडलास, तरी जुडी हातात धरून हुतास. मी गल्लीभर सांगत हिंडले, माझा भाऊ कसा हाय बघा म्हणून. पुढं पैसा आला. पण आता बास, असं तुला कुणी म्हटलंच न्हाय. ते म्हणायचं काम माझं हुतं. ते ऱ्हायलंय. तेवढं करायला येते हाय.

रिवाज तोच. पहिले तीन दिवस मी मृत्युंजयकडं जेवणार, अकरा ताटांत बारावं माझं. तेनं फ्लॅट दाखवायसाठी नायरला खाली धाडला तर मी भाकरीला हात लावणार न्हाय, तसं तेला कळवलंय. मग तीन दिवस सौंदर्याच्या हातचं. त्या तीन दिवसांत तू तिकडं फिरकायचं न्हाय. चौथ्या दिवशी संध्याकाळी सबिनाच्या दारात ये आन् बेल वाजीव. बेल वाजवायला काय पडत न्हाय. मग तीन दिवस तुला जेवायला बसवून घेणार. तू मेंबर म्हणून पटतोस का न्हाय ते सौंदर्या सांगणार. ती न्हाय म्हणाली तर रामराम, मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार न्हाय.

येताना फ्लॉवर आणू नको. कोपऱ्यावरच्या त्याच दुकानातनं कोथिंबिरीची जुडी आण. आन् पावती तिथंच टाकून ये.

घनसाळ तांदूळ, शेंगदाण्याची चटणी आन् तुझी पितळेची थाळी पिशवीत घातलीय. थाळीला जड पिशवीचे पैसे पडतील असं शिवांजली म्हणती. पडू देत.

तुला काय उत्तर द्यायचं असंल ते देऊ नको. धोंडुबाईनं पिशवी उचलून रिक्षात ठेवली सुदीक. शिवांजली, पुरं कर आता. पाटीवर माझं नाव लिव आन् परत येईतवर माझे खाडे मांड.

निघाले.